ऑल्टरनेटरवर छत्र

ता. ३, सोमवार

वस्तुस्थिती क्रमाने नोंदवतो. मते नंतर.

(१) गाडी अठरा वर्षांची आहे. या अठरा वर्षांत ती एकदाही रस्त्यात बंद पडलेली नाही. याचे श्रेय गाडीला देण्याचे कारण नाही.

(२) आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, वाचनालयातून परतताना, स्टिअरिंगच्या चाकामागच्या फलकावर बॅटरीच्या आकाराचा लाल दिवा लागला आणि विझला नाही.

(३) कारण ऑल्टरनेटर. इंजिनाच्या फिरण्यावर वीज तयार करून बॅटरी भरत राहणारे हे यंत्र तेलाने आतून-बाहेरून न्हाऊन निघाले होते.

(४) तेल स्टिअरिंगचे आहे. चाक हलके फिरावे म्हणून घातल्या जाणाऱ्या या तेलाची पांढरी टाकी ऑल्टरनेटरच्या बरोबर डोक्यावर, दीड वीत उंचीवर बसवलेली आहे. ही रचना ज्याने केली तो माझ्या हाताखाली शिकलेला नसावा.

(५) टाकीची देखभाल निर्दोष आहे. पूर्वी वर्षातून एकदा गॅरेजवाला तिच्याकडे पाहत असे. गेल्या महिन्यात पत्नीचा वाहनपरवाना टपालाने आला, त्या दिवसापासून मी स्वतः रोज सकाळी सहा वाजता, इंजिन पूर्ण थंड असताना, झाकण उघडून पातळी मोजतो आणि कमी पडलेले तेल ओततो. झाकणाला जोडलेल्या मोजपट्टीवर दोन रेषा आहेत; त्यांच्याशेजारची अक्षरे झिजून गेली आहेत. मी अर्थातच वरची रेषा मानतो. जन्मभर साठ टक्क्यांना काठावरचा म्हणत आलेला माणूस खालच्या रेषेवर थांबणार नाही.

(६) गळती त्यानंतर आठवड्याभरात सुरू झाली असावी. म्हणजे देखभाल अगदी वेळेवर हाती घेतली गेली.

(७) दुपारी जेवताना पत्नीने जाहीर केले की तिच्या थोरल्या बहिणीच्या हृदयाची शस्त्रक्रिया सोमवारी, २४ तारखेला ठरली आहे. शनिवारी, २२ला, ती स्वतः गाडी चालवत बहिणीकडे जाणार आणि सहा आठवडे तेथे राहणार. अंतर एकशे दहा किलोमीटर. बहिणीचे घर टेकडीवर, रुग्णालय खाली गावात, आणि तिला नेण्या-आणण्यास दुसरे माणूस नाही.

(८) मी म्हणालो, गाडी नादुरुस्त आहे.

सात आणि आठ यांचा परस्परांशी संबंध नाही. ती केवळ बोलण्याच्या ओघात एकापाठोपाठ आली.

परवान्याविषयी एक खुलासा. परवाना ही किमान पात्रता होय. मी पत्नीसाठी चौदा घटकांचा अभ्यासक्रम आखला असून ती सहाव्या घटकावर आहे : "थांबलेल्या गाडीत आसनस्थ सराव". रोज दुपारी एक तास तिने बंद गाडीत, चाकामागे, पाठ ताठ ठेवून बसायचे. कुरकुर न करता बसते. माझ्या विद्यार्थ्यांत ही शिस्त असती तर मी अधिक जणांना उत्तीर्ण केले असते.

ता. ५, बुधवार

गाडी गॅरेजमध्ये नेली. गॅरेजचा मालक माझा माजी विद्यार्थी. द्रवगतिशास्त्रात त्याला शंभरपैकी चौतीस गुण मिळाले होते; एका गुणाने राहिला. त्याचे नाव मला आठवत नाही, गुण आठवतात. मी त्याला मनात चौतीस म्हणतो.

"सर, पाइप फुगलाय," बॉनेटखाली डोके घालून चौतीस म्हणाला. "पकडही ढिली झालीये. दोन्ही बदलतो. ऑल्टरनेटर नवा टाकतो. विषय संपला."

"टाकीतली पातळी पाहिलीस?"

"पाहिली की. गाडी आत्ता गरम आहे, तेल वरच्या रेषेला बरोब्बर टेकलंय. एकदम परफेक्ट."

हा शब्द त्याच्या तोंडी शोभत नाही, परंतु वस्तुस्थितीस धरून होता.

ता. ६, गुरुवार

सकाळी सहाला पातळी मोजली. वरच्या रेषेच्या खाली गेली होती! रेषेपर्यंत तेल ओतले. वाचनालय, गोल बाग, परत घर अशी फेरी मारली. बॉनेट उघडले. नव्या ऑल्टरनेटरच्या पाठीवर पिंगट, तुकतुकीत थेंब.

नवा पाइप, नवी पकड, तीच गळती. चौतीसचा सिद्धांत सोळा तासांत कोसळला. त्याला फोन करून तसे कळवले. तो म्हणाला, "अरेच्चा." एका अभियंत्याचे हे संपूर्ण निवेदन.

यावरून माझा निष्कर्ष : गळती ही या गाडीची मूळ प्रकृती आहे. ती गृहीत धरावी. प्रश्न गळती थांबवण्याचा नसून ऑल्टरनेटरच्या संरक्षणाचा आहे. प्रश्न नेमका मांडता आला की अर्धा सुटतो.

पत्नीला हे समजावले. ती भांडी पुसत होती. म्हणाली, "रोग रेड्याला आणि औषध पखालीला."

म्हणींनी शास्त्र पुढे जात नसते.

ता. ८, शनिवार

छत्र क्रमांक एक : जाड प्लास्टिकचा कागद, चारही बाजूंनी गुंडाळून सुतळीने घट्ट बांधलेला. एक थेंबही आत जाणे अशक्य. गेलाही नाही.

सोळा किलोमीटरनंतर जळका वास आला. चौतीसने येऊन कागद उकलला. ऑल्टरनेटर इतका तापला होता की त्याने हात झटकून बोटे तोंडात घातली.

"सर, त्याला हवा लागते हो! आत पंखा आहे त्याच्या. तुम्ही भर उन्हात रेनकोट घातलात त्याला."

"उष्णतावहन हा तुझ्या पेपरचा भाग नव्हता."

"नव्हता सर. पण बोटाला कळतं ना."

ऑल्टरनेटर वाचला. कागद फेकून दिला. पत्नी मागे उभी राहून हसत होती. चौतीसही हसत होता. एका विद्यार्थ्याने नापास व्हावे आणि नंतर आपल्या पत्नीबरोबर हसावे, हे सेवानिवृत्तीच्या लाभांत समाविष्ट असल्याचे मला कोणी सांगितले नव्हते.

ता. ९, रविवार

हवा आत, तेल बाहेर. उतार हवा. उतार!

ता. ११, मंगळवार

छत्र क्रमांक दोन : स्वयंपाकघरातील स्टीलचे झाकण, अर्धे कापून, वीस अंशांच्या उतारावर तारेने टांगलेले. तेल उतारावरून घरंगळत बाहेर पडते, खालून हवा खेळती राहते. सिद्धांत निर्दोष. व्यवहारात गाडी सुरू होताच असा खडखडाट झाला की समोरच्या घरातील बाई खिडकीत आल्या आणि त्यांनी विचारले, "काही पडलं का हो तुमच्याकडे?"

पत्नी : "माझ्या मोठ्या पातेल्याचं झाकण कुठंय?"

मी : "ते आता संशोधनात आहे."

पत्नी : "लग्नानंतर आपण घेतलेलं पहिलं पातेलं होतं ते."

मी : "पातेले आहे तसेच आहे."

हे उत्तर तर्कदृष्ट्या अचूक होते. रात्री जेवायला बसलो. तिने झाकणाऐवजी पातेल्यावर ताट ठेवले होते. मी ते ताट पाहिले. आकार उत्तम होता. परंतु मागितले नाही. इतके तारतम्य मला आहे.

ता. १३, गुरुवार

छत्र क्रमांक तीन. या दिवसाची नोंद सावकाश, चांगल्या अक्षरात करतो.

ॲल्युमिनियमची पातळ पन्हळ, कडा दुमडलेल्या, खाली रबराच्या चकत्या, त्यामुळे आवाज शून्य. पन्हळीच्या टोकाला नळी. नळीच्या टोकाला खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली, जिच्यावर मिलिलिटरच्या खुणा आहेत. ऑल्टरनेटर कोरडाठाक आणि गारेगार. आणि इतिहासात प्रथमच गळती मोजता येण्याजोगी.

सकाळी टाकीत ओतले : चाळीस मिलिलिटर.
फेरीनंतर बाटलीत : चाळीस मिलिलिटर.

ता. १४, शुक्रवार

ओतले चाळीस. मिळाले चाळीस. तंतोतंत!

निसर्ग इतका प्रामाणिक असेल असे वाटले नव्हते. माणसांच्या बाबतीत हा अनुभव कधी आला नाही.

ता. १५, शनिवार

ओतले चाळीस, मिळाले चाळीस. आजपासून बाटलीतील तेल तलम कापडातून गाळून तेच पुन्हा टाकीत ओतायचे ठरवले. नवीन तेल विकत आणण्याची गरज संपली. पद्धत स्वयंपूर्ण झाली.

संध्याकाळी पत्नीला वही दाखवली. तिने चष्मा लावून आकड्यांवरून बोट फिरवले.

"म्हणजे तेच तेल सकाळी वर चढवायचं आणि दुपारी खाली उतरवायचं?"

"याला चक्रीय संतुलन म्हणतात."

"मला वाटलं याला रिकामा उद्योग म्हणतात." मग वही मिटून म्हणाली, "अहो, एक दिवस ओतूच नका ना. बघू काय होतं."

"आणि पातळी रेषेखाली राहू देऊ?"

"राहील एक दिवस. कोणी निकाल लावणार नाहीये तिचा."

मी तिला समजावले की प्रयोग चालू असताना घटक बदलता येत नाही. ती म्हणाली, "बरं. पण शनिवारी मी जाणार." आणि उठून सरावासाठी गाडीत जाऊन बसली. खिडकीतून दिसत होते : पाठ ताठ, मान मात्र खाली. मान वर ठेवण्याविषयी सांगायला हवे. मांडीवर काहीतरी असावे, विणकाम असेल.

गाडीला मी अजून "प्रवासास योग्य" असा शेरा दिलेला नाही. छत्र क्रमांक तीन लांब पल्ल्यावर सिद्ध व्हायचे आहे. एकशे दहा किलोमीटरमध्ये बाटली भरून वाहिली तर? त्यासाठी आधी तीस, मग साठ, मग नव्वद किलोमीटरच्या चाचण्या घ्याव्या लागतील. साधारण सहा आठवडे.

ता. १६, रविवार

मेव्हणीचा, म्हणजे पत्नीच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. आवाज खोल गेलेला, पण जीभ पूर्वीसारखीच.

"काय भाऊजी, गाडी कशी आहे?"

"गळती आहे. परंतु नियंत्रणात."

"माझंही तसंच आहे. हृदयाची झडप गळते म्हणतात. तुम्ही काय सुचवता, खाली बाटली बांधू?"

मी तिला सांगितले की दोन्ही संस्थांतील दाब भिन्न असल्याने तुलना योग्य नाही. ती बराच वेळ हसली आणि मग तिला धाप लागली. पत्नीने माझ्या हातातून फोन घेतला, आतल्या खोलीत गेली आणि दार लोटले. दारातून एवढेच ऐकू आले : "नाही ताई, मी येणार. चालत यावं लागलं तरी येणार. ... हो, घाबरतात ना. सांगत नाहीत. ... छे, गाडीला नाही घाबरत."

कोण कशाला घाबरते ते कळले नाही. डॉक्टरांविषयी बोलत असाव्यात.

ता. १७, सोमवार

सकाळी सहा वाजता तेल ओतायला वाकताच, थेंबही ओतण्यापूर्वी, पाठीत लचक भरली. बॉनेटखाली काटकोनात अडकलो. पत्नी व समोरच्या बाई यांनी मला तशाच काटकोनात घरात नेले. पलंगावर ठेवल्यानंतरही काटकोन कायम होता. डॉक्टर म्हणाले, "चार दिवस हलायचं नाही. या वयात गाडीखाली कशाला जाता?"

मी खाली नव्हे, वरून वाकलो होतो. लोक निदान करण्यापूर्वी ऐकतही नाहीत.

ता. १८, मंगळवार

पडून लिहीत आहे, अक्षराबद्दल क्षमस्व. (कोणाकडे क्षमा मागतो आहे? दैनंदिनी खासगी आहे.)

सकाळी सहाला पत्नीला हाक मारून सूचना दिल्या : झाकण, मोजपट्टी, वरची रेषा, गाळलेले तेल, हात थरथरू न देणे. थोड्या वेळाने विचारले, "झालं का?"

"बघितलं मी," ती म्हणाली.

हे उत्तर होकारार्थी धरले.

दहा वाजता इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. मी ओरडलो. ती दारातून म्हणाली, "तुमची औषधं आणायचीयेत. चालत जाऊ?" यावर उत्तर सुचेपर्यंत गाडी गेली. ती सातव्या घटकास परस्पर बसली. परतल्याचा आवाज पंचवीस मिनिटांनी आला. मी घड्याळ पाहत नव्हतो. ते समोरच होते.

ता. १९, बुधवार

"बघितलं." गाडी पुन्हा गेली. चाळीस मिनिटे.

पलंगावरून छत पाहत राहिलो. शेजारच्या खोलीत तिच्या कपाटाचे दार दोनदा वाजले. सुटकेस ओढल्याचा आवाज. घरात एखाद्या वस्तूचा आवाज कोणत्या खोलीतून येतो हे मी डोळे मिटून सांगू शकतो असे लक्षात आले. हे कौशल्य कोठे उपयोगी पडेल ते माहीत नाही.

ता. २०, गुरुवार

आजचा दिवस अप्रिय. तरीही क्रमाने.

चार वाजता पत्नी आणि चौतीस दोघे माझ्या खोलीत आले. चौतीस खुर्चीच्या कडेवर बसला, तोंडी परीक्षेला बसतात तसा. पत्नीने खोकल्याच्या औषधाची बाटली माझ्या पोटावर ठेवली. बाटली कोरडी होती.

"तीन दिवस," ती म्हणाली. "तीन दिवस मी गाडी फिरवली. एक थेंब नाही."

"तू बाटली ओतून दिलीस."

"मी ओतलंच नाही. टाकीत पण नाही. नुसतं बघत होते रोज."

मग तिने मांडीवर एक पुस्तक उघडले. ते विणकाम नव्हते. गाडीच्या कप्प्यात अठरा वर्षे पडून असलेली कंपनीची माहितीपुस्तिका होती. मी तिला रोज तासभर बंद गाडीत बसवत होतो. तेथे वाचण्यासारखे दुसरे काही नव्हते म्हणून तिने ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दोनदा वाचली. पान एकसष्ट तिने मोठ्याने वाचले :

"इंजिन थंड असताना तेल खालच्या रेषेपर्यंतच असावे. वरची रेषा गरम इंजिनासाठी आहे. थंड असताना वरच्या रेषेपर्यंत भरल्यास तापल्यावर जादा तेल झाकणाच्या छिद्रातून बाहेर पडेल."



"सर, माझीही चूक झाली," चौतीस म्हणाला. "तुम्ही गाडी आणायचात तेव्हा ती गरम असायची. जादाचं तेल आधीच सांडून गेलेलं. मला सगळं बरोबर दिसायचं. थंड गाडी मी कधी पाहिलीच नाही. मॅडमनी परवा सकाळी सातला बोलावलं तेव्हा ट्यूब पेटली."

"पुस्तिकेतील वाक्यरचना सदोष आहे," मी म्हणालो.

"हो सर."

"'जादा' म्हणजे किती, याचा उल्लेख नाही."

"चाळीस मिलिलिटर, सर," चौतीस म्हणाला, आणि खोलीभर पाहत राहिला, माझ्याकडे सोडून. त्याच्या आवाजात उपहास नव्हता. असता तर सोपे गेले असते.

ता. २१, शुक्रवार

प्रसरणाचे गणित मांडले. टाकीतील आणि पाइपातील एकूण तेल, थंड व गरम तापमानांतील फरक, तेलाचा प्रसरणांक. उत्तर : अडतीस. दोन मिलिलिटर फेसासाठी. पान एकसष्ट बरोबर आहे. हे येथे लिहितो. अन्यत्र बोलणार नाही.

म्हणजे तेल टाकीला नको होते आणि मी रोज तिला आग्रह करत होतो. गळती मीच पहाटे उठून ओतत होतो, आणि तिच्यापासून संरक्षणाचे उपायही मीच शोधत होतो. इतकी परिपूर्ण संस्था मी पूर्वी कधी उभारली नव्हती.

प्रश्न असा की मला हे आधी का दिसले नाही? प्रसरण हे माझ्याच पाठ्यपुस्तकातील सातवे प्रकरण आहे. सलग एकतीस वर्षे ते मी शिकवले. ओतले चाळीस, मिळाले चाळीस, हे दोन आकडे शेजारी शेजारी पाहून पहिल्या बाकावरच्या मुलानेही हात वर केला असता. मी ते पाहून खूश झालो. का?

 पाठ दुखत असताना असे प्रश्न हाती घेऊ नयेत.

पत्नीने पलंगाजवळ एक कागद ठेवला आहे : अंडी किती मिनिटे उकडायची, पाण्याची टाकी कधी भरायची, माझ्या गोळ्या कोणत्या वेळी. बारा मुद्दे, अचूक क्रमाने. मी दुरुस्ती करण्यासाठी पेन्सिल घेतली होती. एकही सापडली नाही.

ता. २२, शनिवार

साडेपाचला जाग आली. भिंतीचा आधार घेत, निम्मा वाकलेला, गाडीपर्यंत गेलो. हातात तेलाचा डबा आणि फनेल होते. सवयीने घेतले असावेत.

बॉनेट उघडले. छत्र क्रमांक तीन तेथे नव्हते; काल चौतीसने काढले होते. झाकण फिरवले. पातळी खालच्या रेषेवर, बरोबर. इंजिन थंड. फनेल टाकीच्या तोंडाशी लावले.

"ओतायचंय?"

पत्नी सुटकेस घेऊन मागे उभी होती. बाहेर जायचा कोट घातलेला, केस नीट बांधलेले. किती वेळ उभी होती माहीत नाही.

"पातळी तपासत होतो."

"फनेलनं?"

 तिने सुटकेस खाली ठेवली.

"ओतायचं तर ओता," ती म्हणाली. "मी अडवणार नाही. वीस किलोमीटरवर सांडेल, लाल दिवा लागेल, मी परत येईन. येईन मी, खरंच. फक्त मग ताईला फोन तुम्ही करायचा. तिला सांगायचं, मी एकटा राहू शकत नाही, म्हणून ही येत नाही."

"विधान पूर्णपणे निराधार आहे," मी म्हणालो.

"असू दे निराधार. ओता."

डबा हातात होता. पाठीत कळ आली, त्यामुळे ओतता आले नाही. थेंबभर तेल माझ्या चपलेवर सांडले. झाकण लावले. घट्ट लागले आहे की नाही हे तीनदा पाहिले.

तिने सुटकेस मागच्या सीटवर टाकली, आरसा स्वतःच्या उंचीला लावला, आणि काच खाली करून म्हणाली, "अंडी सात मिनिटं. आठ नाही."

मग गाडी मागे घेतली. मागे घेणे हा अकरावा घटक आहे. तो मी शिकवलेला नाही. फाटकाच्या दोन्ही खांबांपासून अंतर सारखे होते. मी तेथेच उभा होतो, मोजणे भाग होते. एका बाजूला दोन वीत, दुसऱ्या बाजूला दोन वीत. कोपऱ्यावर तिने इंडिकेटर दिला. रस्त्यावर दुसरे वाहन नव्हते, तरी दिला.

ता. २४, सोमवार

शस्त्रक्रिया पार पडली. साडेचारला फोन आला. "झडप बदलली. ताई शुद्धीवर आलीय. पहिलं काय म्हणाली माहितीये? 'भाऊजींना विचार, बाटली किती भरली.'"

मी म्हणालो, "उत्तम." आणखी काही म्हणायचे होते. तेवढ्यात तिला परिचारिकेने बोलावले.

ता. २५, मंगळवार

सकाळी सहाला उठून जेथे गाडी असते तेथे गेलो. जमीन तपासली. कोरडी. घरात आलो.

ता. २६, बुधवार

पुन्हा कोरडी.

चौतीस येऊन गेला. काम काहीच नव्हते. म्हणाला, "सहज आलो, सर." दोघांनी चहा घेतला. तो निघताना मी त्याला विचारले, मॅडम गाडी कशी चालवतात. तो म्हणाला, "सर, माझ्यापेक्षा भारी. गिअर असा टाकतात की कळतसुद्धा नाही. का, तुम्ही कधी बसला नाहीत शेजारी?"

मी म्हणालो, अभ्यासक्रमात तो घटक चौदावा आहे.

ता. २८, शुक्रवार

चार खर्डे फाडले. हा पाचवा. अंतिम प्रत यावरून करून उद्या कुरिअरने पाठवीन.

"प्रति : वाहनचालक, मु. बहिणीचे घर.

तू शनिवारी सुखरूप पोहोचलीस, ताईंची शस्त्रक्रिया यशस्वी झाली, आणि गाडीत कोणतीही गळती नाही, हे तीन मुद्दे फोनवरून समजले. तिन्ही समाधानकारक आहेत.

अंडी सात मिनिटे हे बरोबर आहे. मी सहा आणि आठ दोन्ही करून पाहिली.

तेलासंबंधी : चूक माझी होती. हे वाक्य मी एकदाच लिहीत आहे, तरी जपून ठेवावे. चूक अज्ञानाने झाली असे मी एकवीस तारखेपर्यंत मानत होतो. बावीसला सकाळी माझ्या हातात फनेल असताना पान एकसष्ट मला तोंडपाठ होते. त्यामुळे अज्ञान हे कारण बाद होते. तू जे कारण सांगितलेस ते मी निराधार ठरवले होते; सात दिवसांच्या निरीक्षणानंतर त्यास आधार मिळाला आहे. घर मोठे आहे, आणि मला प्रत्येक आवाजाची खोली कळते, परंतु आवाजच नाहीत.

अभ्यासक्रम रद्द केला आहे. तो प्रारंभीच अनावश्यक होता.

येत्या सहा तारखेस, रविवारी, तू उरलेले कपडे नेण्यासाठी दोन तास येणार आहेस असे कळते. या संदर्भात एकच प्रश्न. परतीच्या प्रवासात चालकाशेजारची जागा रिकामी असल्यास, त्या जागेवर बसून तुझ्याबरोबर येण्यास, आणि उरलेले आठवडे तेथे राहण्यास, मला परवानगी आहे काय? मी स्वयंपाकघरात, रुग्णालयाच्या बाकावर किंवा ताई सांगतील तेथे बसेन. वाटेत वेग, वळणे व गिअर यांविषयी बोलणार नाही. बॉनेट उघडणार नाही अशी हमी मात्र देता येत नाही. खोटी हमी देणे माझ्या स्वभावात नाही.

फोनवर उत्तर देऊ नये. तुझा आवाज ऐकला की मी हवामानाविषयी बोलू लागतो. 'हो' किंवा 'नाही' यांपैकी एकच शब्द, खाली सही, तारीख, सहा तारखेपूर्वी पोहोचेल अशा बेताने. लेखीच कळवावे."